आवरून ठेवलेलं पोट

माझ्या थोरल्या साडूंइतक्या टापटिपीने आजारी पडणारा माणूस पुण्यात दुसरा झालेला नाही. आम्ही सगळे ज्यांना ताई म्हणतो त्या माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. मुक्काम नारायण पेठ, दुसरा मजला. इतरांच्या आजारपणात घर विस्कटतं, जेवणाच्या वेळा चुकतात, उशाशी बाटल्यांची गर्दी होते. साडूंच्या पोटदुखीत असलं काही नव्हतं. तारुण्यात सुरू झालेलं ते दुखणं निवृत्तीनंतरही त्यांच्याकडे येत राहिलं आणि एवढ्या वर्षांत त्यांनी ते एकदाही कुणाच्या पायात येऊ दिलं नाही. जेवणानंतर थोड्या वेळाने बेंबीच्या डाव्या अंगाला कळ सुरू झाली की ते बोलणं थांबवत, "क्षमा असावी" म्हणत, आतल्या खोलीत जात आणि दार लोटून घेत. काही वेळाने शर्ट नीट खोचून, भांग पाडून बाहेर येत आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढच्या शब्दाने सुरू करत. एकदा ते मला कालव्याला पडलेल्या एका भगदाडाची हकिगत सांगत होते. "लोक समजत होते तसं ते भगदाड उंदरांमुळे पडलेलं नव्हतं," इथवर आले आणि उठले. मी चहा प्यालो, पेपर चाळला, ताईंनी दाखवलेला नवा पडदा पाहिला. साडू बाहेर आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तर घुशींमुळे."

वेळ घेतल्याशिवाय कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. एकदा वरच्या बिऱ्हाडातला नळ उघडा राहिला आणि साडूंच्या दिवाणखान्यात छतातून पाणी गळायला लागलं. दुसऱ्या कुणी जिना चढून दार बडवलं असतं. साडूंनी खाली बादली ठेवली, हात पुसले आणि फोन लावला. "नमस्कार. आपल्याकडचं पाणी सध्या आमच्याकडे येत आहे. त्याविषयी जरा बोलायचं होतं. संध्याकाळी आपल्याला कधी सवड असते?" ताई मागून ओरडत होत्या, "अहो, संध्याकाळपर्यंत पोहायला लागू आपण!" साडूंनी हाताने त्यांना थांबवलं, सहाची वेळ पक्की केली आणि बादली बदलली. नळ वरच्यांनी लगेच बंद केला असणार, पण साडू सहा वाजता गेलेच. ठरलं होतं.

दुसरा नियम असा, की कुणाच्या नजरेपुढे काही ठेवायचं असेल तर ते आधी आवरलेलं असावं. हा नियम पुष्कळ घरांत असतो. साडूंनी तो पार टोकाला नेला होता. कामाच्या मावशी यायच्या आधी ते स्वतः केर काढत. मावशींनी शेवटी ताईंना बाजूला घेऊन विचारलं, "मला काढून टाकायचं मनात आहे का तुमच्या? असलं तर सरळ सांगा. साहेबांना का राबवताय?" त्यांची स्कूटर चढावर एक विचित्र आवाज करायची. गॅरेजमध्ये न्यायच्या आदल्या संध्याकाळी साडूंनी ती धुतली, पुसली, सैल वाटले ते सगळे नट आवळले आणि सपाट रस्त्याने हळूहळू चालवत नेली. मेकॅनिकने ती सुरू केली, कान लावला, बंद केली, पुन्हा सुरू केली. "काका, आवाज कुठाय?"

"चढावर करते."

"मग चढावर घेऊन बघू?"

"आत्ता करणार नाही. आत्ता ती स्वच्छ आहे."

मेकॅनिकने स्कूटरला एक चक्कर मारली आणि अदबीने विचारलं, "विकायचीय का?"

हा किस्सा आम्ही वर्षानुवर्षं चवीने सांगितला. त्यात साडूंच्या पोटदुखीचं निदान दडलेलं होतं, हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही.

बंद दाराआड साडू काय करत, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. जमिनीवर सतरंजी घालून ते गुडघे आणि कोपरं टेकत, कपाळ एका कडक उशीवर ठेवत आणि कंबर उंच करून तसेच थांबत. काही वेळाने पोटात मोठ्याने गुडगुड व्हायची आणि कळ निघून जायची. ही युक्ती त्यांना कुणी शिकवलेली नव्हती. धरणाच्या कामावर असताना तंबूत कळ आली, लोळता लोळता शरीर आपोआप या अवस्थेत गेलं आणि बरं वाटलं. तेव्हापासून तो त्यांचा उपाय. कडक उशी प्रवासात, लग्नकार्यातही बरोबर असायची. कोथरूडला नात्यातल्या एका लग्नात जेवणानंतर त्यांना कळ आली. मोकळी खोली कुठेच मिळेना, तेव्हा ते कार्यालयाच्या कोठीघरात तांदळाच्या पोत्यांमागे जाऊन ओणवे झाले. वाढप्यांपैकी एक जण परात न्यायला आला, त्याने ते दृश्य पाहिलं आणि त्याला वाटलं, पाहुण्यांचं काहीतरी पडलंय. तो स्वतः खाली बसून शोधू लागला. त्याला शोधताना पाहून आणखी दोघे आले. त्यातल्या एकाने पोत्याखाली हात घालत विचारलं, "काका, काय शोधताय?"

"आराम," साडू उशीतून म्हणाले.

आता नारायण पेठेत एखाद्याचं पोट दुखतं म्हणजे ती त्याची एकट्याची बाब राहत नाही. समोरच्या किराणा दुकानदारापासून वरच्या बिऱ्हाडापर्यंत सगळ्यांचं निदान तयार होतं आणि ते एकच होतं: गॅस. ओवा, हिंग, जिरं, सुंठ, सकाळी अनशापोटी कोमट पाणी, संध्याकाळी शतपावली, हे सगळं साडूंनी नेमाने करून पाहिलं. डॉक्टरही पुष्कळ झाले. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, तोंडातून नळी घालून जठर पाहिलं, दुसऱ्या बाजूने आतडं पाहिलं, स्कॅन काढले. दर वेळी निकाल एकच: सर्व काही नॉर्मल. ताई पेढे आणायच्या. साडू पेढा हातात घेऊन म्हणायचे, "पुन्हा पास. आता वरच्या वर्गात घालतील." शेवटच्या डॉक्टरांनी चष्मा काढून सौम्यपणे सुचवलं, की काही दुखणी मनातून येतात. साडूंनी त्याचाही राग मानला नाही. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली, इस्त्रीचे कपडे घालून पाच मिनिटं आधी पोचले आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मुद्देसूद उत्तर दिलं. "काय म्हणाले?" मी विचारलं. "म्हणाले, इतकं नीटनेटकं मन त्यांनी पाहिलेलं नाही. थोडं विस्कटलेलं असतं तर उपचार करता आले असते."

हसू यावं असंच सगळं होतं, आणि आम्ही हसत होतो. पण घरातलं हसू हळूहळू दुसऱ्या बाजूला कललं. माझा धाकटा मेहुणा, म्हणजे ताईंचा भाऊ, जिभेला हाड नसलेला गृहस्थ आहे. दिवाळीच्या एका जेवणानंतर साडू नेहमीप्रमाणे "क्षमा असावी" म्हणून आत गेले, तेव्हा तो पानावरून उठता उठता म्हणाला, "दाजींचं पोट मोठं हुशार. भांडी उचलायची वेळ झाली की बरोब्बर दुखतं." सगळे हसले. ताईही हसल्या, कारण भावाने विनोद केला की त्या लहानपणापासून हसत आल्या होत्या. आतलं दार नुसतं लोटलेलं होतं.

त्यानंतर साडू कुणाकडे जेवायला गेले नाहीत. लग्नाला जात, अक्षता टाकत, आहेर देत आणि पंगत बसायच्या आत निघत. ज्यांच्याकडून पानातल्या मिठाची आणि लिंबाची जागा शिकावी, मसालेभातावर तूप किती आणि केव्हा यावर ज्यांचं मत कार्यालयाचे आचारीसुद्धा ऐकून घेत, ते साडू घरी येऊन मुगाची खिचडी खात. मी एकदा सरळच विचारलं. मी वर्तमानपत्रात असल्यामुळे साडू मला कौतुकाने आणि थोड्या संशयाने 'बातमीदार' म्हणतात. ते म्हणाले, "बातमीदार, दुखतं त्याचं काही नाही. दुखण्याची ओळख आहे माझी. मी खोटा ठरतो, त्याचं वाईट वाटतं." एवढं बोलून त्यांनी टेबलावरचा पेपर घडीवर घडी घालून नीट केला. तो आधीच नीट होता.

मग मी त्यांना ज्या डॉक्टरीण बाईंकडे नेलं त्या वयाने साडूंच्या मुलीएवढ्या. मूळच्या नागपूरकडच्या, राहायला विश्रांतवाडीला आणि शस्त्रक्रिया करत येरवड्याजवळच्या एका रुग्णालयात. दुर्बिणीतून पोटाच्या, त्यातही आडवळणाच्या दुखण्यांच्या शस्त्रक्रिया करण्यात त्यांचा हात चांगला आहे, असं आमच्या कचेरीतल्या एकाने सांगितलं होतं. साडू निघाले तेव्हा जिन्यात शेजारी भेटले. "कुठे?"

"येरवड्याला."

"जेल की वेड्यांचं?"

"तिसरं," साडू म्हणाले आणि उतरले.

डॉक्टरीण बाईंनी पोट तपासलं, जुने स्कॅन उजेडासमोर धरून एकेक पाहिले आणि मग कुणीच कधी न विचारलेला प्रश्न विचारला. "काका, आज काय खाऊन आलात?"

"तांदळाची पेज."

"काल?"

"काल पेजच."

"नेहमी पेज खाता?"

"छे. आपल्याकडे यायचं होतं म्हणून."

बाईंनी स्कॅन खाली ठेवले. "आणि हे सगळे स्कॅन, ते नळीचे तपास, त्याच्या आधी?"

"तेव्हाही. दोन दिवस आधीपासून पेज, आणि निघायच्या आधी घरी ओणवा होऊन घेतो. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवायचा, तर आत गडबड नको."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग खुर्चीत मागे रेलून खळखळून हसल्या. "काका! तुम्ही तर पोट झाडून-पुसून आणून राहिले! पाहुणे यायच्या आधी घर आवरतात तसं. मग त्या बिचाऱ्या डॉक्टरांना दिसणार काय?"

आपली चूक कळल्याचं जे साडूंच्या चेहऱ्यावर त्या वेळी उमटलं, ते खरं तर स्कूटर धुऊन गॅरेजमध्ये नेली तेव्हाच उमटायला हवं होतं.

बाईंनी कागदावर पोटाचं चित्र काढलं. काही लोकांच्या पोटात आतड्याच्या मागे जन्मापासून एक चोरखिसा असतो, त्या म्हणाल्या. आतडं भरलेलं असलं की त्याचे वेढे या खिशात सरकतात आणि अडकतात. पोट रिकामं झालं किंवा माणूस ओणवा झाला की निसटून बाहेर येतात. असं फार थोड्यांत सापडतं. पण हा नुसता अंदाज आहे. साडूंनी विचारलं, आत्ताच दुर्बीण घालून पाहता येणार नाही का? "येईल. पण आत्ता आत सगळं जागच्या जागी असेल. रिकामा खिसा पोटातल्या पडद्याच्या घडीत लपला तर मी तुम्हाला पुन्हा नॉर्मल म्हणून घरी पाठवीन. चालेल?" बाईंचा आवाज बदलला. "मुद्दाम दुखवून घ्या असं मी सांगत नाही. रोजचं जेवण जेवा. पण आता दुखलं की ओणवं व्हायचं नाही, तडक इकडे यायचं. एखाद्या दिवशी तुमची युक्ती चालणार नाही, आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडेल, मग ते जिवावरचं आहे. आजवर निभावलं हे नशीब."

"तडक म्हणजे, आधी फोन करून?"

"फोन नाही, काही नाही."

"वेळ न घेता?"

"वेळ न घेता, कपडे न बदलता. माझ्याकडे पसारा घेऊन यायचं, काका."

परतताना गाडीत साडूंनी तो चित्राचा कागद घडी घालून खिशात ठेवला. पूल ओलांडल्यावर म्हणाले, "बाई हुशार आहेत. पण सवय अवघड लावतायत."

त्यानंतरच्या एका रविवारी ताईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. मसालेभात होता, मठ्ठा होता, गरम जिलबी होती. कितीतरी दिवसांनी साडू पानावर मोकळेपणाने जेवले. मसालेभात दुसऱ्यांदा घेतला आणि तूप कसं सोडावं ते माझ्या बायकोला पुन्हा एकदा शिकवलं. जेवण झाल्यावर कालव्याचं भगदाड निघालं. "लोक समजत होते तसं," इथवर आले आणि थांबले. "क्षमा असावी," म्हणून उठले आणि आतल्या खोलीकडे वळले. दारात ताई उभ्या होत्या.

"तिकडे नाही. खाली. गाडीत."

"अगं, उशी तरी..."

"उशी नाही."

"निदान शर्ट बदलतो. जिलबीचा पाक सांडलाय."

"अहो, पसाराच न्यायचाय ना? चला!"

लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीतून गाडी काढेपर्यंत साडूंच्या कपाळावर घाम आला होता. एवढ्या वर्षांत त्यांच्या दुखण्याचा चेहरा आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता. तो कायम दाराआड राहिला होता. आता आरशात मला तो दिसत होता: दात घट्ट आवळलेले, डोळे अर्धवट, ओठ पांढरे. प्रत्येक गतिरोधकावर ते नकळत पुढे झुकून गुडघ्यांकडे जाऊ बघत आणि ताई दोन्ही खांदे धरून त्यांना सरळ करत. "धरा जरा. पोचलोच. धरा." त्या दर वेळी तेच म्हणत होत्या आणि त्यांचा आवाज दर वेळी थोडा बारीक होत होता. पुलावर साडूंना उलटी झाली. ती त्यांनी स्वतःच्या रुमालात आणि मग शर्टावर घेतली. गाडीच्या सीटला लागू दिली नाही. "बातमीदार," ते दातांमधून म्हणाले, "त्यांना कळवलंयत ना, आपण येतोय ते?" मी हो म्हणालो. कळवलं नव्हतं.

सुट्टीचा दिवस, पण बाई घरून आल्या. पोटाला हात लावताच त्यांचा चेहरा कामाचा झाला. लगेच स्कॅन झाला आणि त्यात प्रथमच काहीतरी होतं: लहान आतड्याचे वेढे डाव्या बाजूला एका गाठोड्यासारखे गोळा झालेले. "स्कॅनमध्ये सावली दिसते," बाई ताईंना म्हणाल्या. "खरं काय ते आत जाऊन कळेल. पोटाला चार बारीक छिद्रं पाडते, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून हत्यारं. मला वाटतंय तेच असलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करते. नाही जमलं, आतडं खराब झालेलं निघालं, तर पोट उघडावं लागेल. आधीच सांगून ठेवते." नाकातून नळी घातलेले, जिलबीच्या आणि उलटीच्या डागांचा शर्ट अजून अंगावर असलेले साडू स्ट्रेचरवरून म्हणाले, "डॉक्टर, एक विनंती आहे. आत काही नसलं, तर नाही म्हणून सांगा. माझं मन राखायला आहे म्हणू नका."

"नाही म्हणणार."

"आणि आत जरा पसारा असेल. क्षमा असावी."

बाहेरच्या बाकावर ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "काहीतरी निघू दे." मग दचकून माझ्याकडे पाहिलं. "नवऱ्याच्या पोटात काहीतरी निघू दे, असं कुणी मागतं का हो?" त्या पुढे म्हणाल्या, "मी हसले होते त्या दिवशी. ऐकलं होतं त्यांनी. कधी बोलले नाहीत."

बाई बाहेर आल्या तेव्हा टोपीखाली त्यांच्या कपाळावर घामाचा ओघळ होता. "सापडला खिसा," त्या म्हणाल्या. लहान आतडं जिथे सुरू होतं त्याच्या डावीकडे, मागच्या घडीत, जन्मापासूनचा. निम्म्याहून अधिक आतडं आत शिरलेलं होतं, काळपट पडायला लागलं होतं. हळूहळू बाहेर काढलं, वाट पाहिली, गुलाबी झालं. खिशाचं तोंड टाके घालून बंद केलं. पोट उघडावं लागलं नाही. ताईंनी बाईंचे दोन्ही हात धरले, तेव्हा बाई म्हणाल्या, "रडा, काकू. आता चालते."

दोन दिवसांनी मी भेटायला गेलो तेव्हा साडू पलंगावर भांग पाडून, चादरीच्या कडा सरळ करून बसले होते. पोटावरच्या छोट्या पट्ट्या दाखवून म्हणाले, "काम उत्तम. फक्त चारही भोकं एका ओळीत असती तर बरं दिसलं असतं." आणि थोड्या वेळाने: "एक गंमत माहीत आहे का बातमीदार? दुर्बिणीने नीट दिसावं म्हणून आधी पोट फुगवतात. गॅस भरून. अख्खी पेठ इतकी वर्षं माझ्या पोटातला गॅस काढायच्या मागे होती."

बाई लॅपटॉप घेऊन आल्या; शस्त्रक्रियेचं चित्रीकरण असतं, बघायचं का, म्हणाल्या. पडद्यावर ओलसर, चकचकीत, गुलाबी-पिवळं असं काहीतरी हलत होतं. मग घडीतलं एक तोंड दिसलं आणि त्यातून डोकावणारं काळसर आतडं. दोन बारीक चिमट्यांनी एकेक वेढा धरून, न ओढता, आळीपाळीने बाहेर काढला जात होता. पिशवीतून लोकर काढावी तसा तो निघतच राहिला. शेवटी खिसा रिकामा झाला, आणि तो केवढा होता ते दिसलं. ताईंनी तोंडाला पदर लावला. साडू पापणी न हलवता बघत होते. "जरा मागे घ्या," ते म्हणाले. बाईंनी मागे घेतलं. "पुन्हा." पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर ते हलकेच म्हणाले, "म्हणजे होतं."

"होतं हो," ताई म्हणाल्या. "होतंच."

साडूंनी घसा साफ केला. "डॉक्टर, आपण फार नीट आवरलंत."

त्यांनी ते चित्रीकरण मोबाइलवर मागून घेतलं आणि प्रकृती सुधारताच नातेवाइकांना फोन करायला सुरुवात केली. "नमस्कार. माझं आतडं आपल्याला दाखवायचं आहे. कधी सवड आहे?" बहुतेकांनी सवड नसल्याचं सांगितलं. धाकट्या मेहुण्याला तसं सांगता आलं नाही, कारण साडूंनी त्याला त्याच्याच घरी, त्याने सगळ्यांना जेवायला बोलावलेल्या दिवसाची वेळ मागितली. मी हजर होतो. जेवणं होत आली तेव्हा साडूंनी मोबाइल ताकाच्या तांब्याला टेकवून उभा केला. मेहुण्याने पहिले दोन वेढे बाहेर येताना पाहिले आणि श्रीखंडाची वाटी बाजूला सारली. "दाजी, कळलं. चुकलं माझं. बंद करा."

"पूर्ण बघा. शेवट चांगला आहे."

शेवट झाला. साडूंनी मोबाइल पुसून खिशात ठेवला, उठले, मेहुण्याचं ताट उचललं, त्यावर स्वतःचं ठेवलं, त्यावर माझं ठेवलं. "अहो दाजी, तुम्ही कशाला!" मेहुणा मागे धावला. स्वयंपाकघरातून नळाचा आवाज येत राहिला. साडूंनी सगळ्यांची ताटं घासली आणि आकारानुसार लावून पालथी घातली. परत आले तेव्हा बाह्या ओल्या होत्या आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं, की मेहुण्याने उठून त्यांना खुर्ची दिली.

आता साडू सगळीकडे जेवतात. कार्यालयांतले आचारी पुन्हा त्यांना विचारून मसालेभात उतरवतात. डॉक्टरीण बाई दिवाळीला फराळाला येऊन गेल्या, वेळ न घेता. साडूंनी दार उघडलं तेव्हा हातात केरसुणी होती आणि त्यांनी ती लपवली नाही. कडक उशी ताईंनी टाकून द्यायला काढली होती, पण ती अजून कपाटात आहे.

गेल्या रविवारी नारायण पेठेत जेवण झालं आणि भगदाडाची गोष्ट सुरू झाली. "लोक समजत होते तसं ते भगदाड उंदरांमुळे पडलेलं नव्हतं," साडू म्हणाले, आणि सवयीने थांबले. डावा हात बेंबीजवळ गेला. ते खुर्चीतून थोडे उठले, तसेच अधांतरी राहिले, मान कलती करून, जिन्यात पावलं वाजतायत का ते ऐकावं तसे. कळ काही आली नाही. ते पुन्हा बसले आणि आमच्याकडे बघत राहिले.

"मी काय सांगत होतो?"

आम्हा सगळ्यांना माहीत होतं. स्वयंपाकघरातून ताईंचा आवाज आला. "घुशींचं हो. घुशींचं सांगत होता."

"हां, घुशी," साडू म्हणाले, खुर्चीत नीट बसले आणि त्यांनी गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.